गुलामी शिकवली त्या वर्षीची आवणी

आषाढ लागला की माझा कशावरच विश्वास राहत नाही.

लोक या दिवसांत हिरवं बघून कविता करतात, मी हिरवं बघून डोळे बारीक करतो. कामशेतवरून आमच्या शेताकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताचा तरवा उभा असतो. तरवा म्हणजे एका वाफ्यात दाटीनं पेरलेली कोवळी रोपं. ती पुढं उपटून, मुठी बांधून, चिखलात ओळीनं लावायची. त्या लावण्याला आम्ही आवणी म्हणतो. इतका निष्पाप रंग जगात दुसरा नसेल असं वाटतं. पण या निष्पापाच्या खिशात घड्याळ असतं. तीन-साडेतीन आठवड्यांत उचलला नाही तर तो म्हातारा होतो, आणि वाईट म्हणजे तसं दाखवत नाही. वरून हिरवागार, आतून पेरं धरून कडक झालेला. मग कितीही लाडानं लावा, बुडातून नवे कोंब, म्हणजे फुटवा, काही धरत नाही. हसऱ्या चेहऱ्यानं फसवणारं एवढं एकच पीक मला माहीत आहे. नववीचा वर्ग हे दुसरं, पण ते शेतात येत नाही.

येत नाही म्हणजे, यायचं. तीच गोष्ट सांगतो.

मी इतिहासाचा मास्तर. राहतो लोणावळ्यात, शाळा कामशेतच्या बाजूला, आणि आज्यापासून चालत आलेली दोन खाचरं टाकव्याच्या वाटेवर ओढ्याकाठी. असा तीन ठिकाणी वाटला गेलेला माणूस कुठंच धड खरा वाटत नाही. लोणावळ्यात, भजी आणि मक्याची कणसं खात धबधबे शोधणाऱ्या गर्दीतून वाट काढताना मी शेतकरी असतो. शेतावर मास्तर असतो. आणि शाळेत, माझी बायको शैला म्हणते तसा, नट असतो. तिसरं मला मान्य आहे. पानिपत शिकवताना मी दोनदा टेबलावरून पडलोय.

आता आमच्याकडं आवणी होते ती सावडीवर. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. घराला घर, दिवसाला दिवस. जेवण ज्याचं शेत त्याचं. माझ्याकडं परत द्यायला दिवस नव्हता, शाळा होती. त्यामुळं मी सावडीतून केव्हाच बाहेर पडलो होतो आणि माझी एक वेगळी सोय लावून घेतली होती. आषाढातल्या एका शुक्रवारी मी नववीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहायचो: रविवारी सकाळी सात. जुने कपडे. आणि रविवारी सकाळी सातला चाळीस पोरं बांधावर हजर! दुपारपर्यंत दोन्ही खाचरं हिरवी. चिखलफेक, गाणी, आरडाओरडा, आणि वर शैलाच्या हातचं आखाडाचं मटण न् तांदळाची भाकरी. शेजारच्या शेतातले लोक बारा माणसं गोळा करताना घायकुतीला यायचे आणि माझ्या चाळिसांकडं जळून बघायचे. मी हे लग्नाच्या पंगतीत सांगायचो, बँकेच्या रांगेत सांगायचो, दाढी करणाऱ्यालाही सांगायचो. "माझी मुलं गात गात आवणी करतात हो!" अशी वीस वर्षं गेली. मी याला गुरुशिष्यांचं नातं म्हणत होतो.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात मला अमेरिकेतली गुलामी शिकवायची हुक्की आली.

अभ्यासक्रमात तिला जेमतेम एखादी ओळ होती. पण बाहेर धो धो पाऊस, वर्गात दिवे गेलेले, पत्र्यावर एवढा आवाज की बोललेलं तिसऱ्या बाकाच्या पुढं पोचत नाही. अशा वेळी नट माणसानं करायचं काय? मी एका ओळीच्या सात तासिका केल्या. जहाजाच्या तळाशी माणसं कशी कोंबून आणायचे हे दाखवायला पहिल्या दोन बाकांखाली सहा पोरं झोपवली. गुलामीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांची चळवळ सांगितली. पळून आलेल्यांना घरात, गोठ्यात, तळघरात लपवणारे. गुलामांच्या हातची साखर खाणार नाही म्हणून चहा कडू पिणारे. अर्ज करणारे, वर्तमानपत्रं काढणारे, सभा उधळल्या तरी दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा सभा घेणारे. आणि खुद्द पळून आलेली माणसं, जी व्यासपीठावर उभी राहून आपली कहाणी सांगायची. त्यातल्या एकावर तर लोकांनी विश्वासच ठेवला नाही. इतकं छान बोलणारा माणूस गुलाम कसा असेल, म्हणाले. आणि त्याच्या बाजूची भली माणसं त्याला सांगायची, तू फक्त तुझ्यावर काय गुदरलं ते सांग, त्यावर विचार करायचं काम आमच्याकडं सोड.

हे सांगताना मी फार सात्त्विक संतापलो होतो. भल्या माणसांवर.

मुख्याध्यापिका बाई दारातून डोकावल्या. त्यांनी जमिनीवर झोपलेली सहा पोरं बघितली, मला बघितलं, आणि विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

"आयुष्याला आहे, बाई!"

"म्हणजे नाही," असं म्हणून त्या गेल्या. पण जाताना मागं वळून ज्या नजरेनं बघितलं ती नजर त्या महिन्यात मला वारंवार भेटणार होती.

पाचव्या तासिकेला मी लिलावाचा प्रवेश ठरवला. फळ्यासमोर स्टूल ठेवलं आणि घोषणा केली, "गुलामांचा बाजार! कोण उभं राहतंय?"

एरवी माझ्या नाटकाला हात वर करणाऱ्यांची मारामारी व्हायची. त्या दिवशी एकही हात नाही. तेवढ्यात खिडकीजवळून प्रज्ञा बोलली. प्रज्ञा म्हणजे आमच्याच, शेताकडच्या, गावच्या किसन आबांची नात. आबांचं घर बौद्ध आळीतलं पहिलं. मुलगी शांत, वहीवर रेघा आखून लिहिणारी आणि बोलायच्या आधी पेनाचं टोपण लावणारी. तिनं टोपण लावलं.

"सर, कुणाला उभं करायचं हे तुम्ही कसं ठरवणार?"

साधा प्रश्न होता. पण त्या प्रश्नाबरोबर वर्गातल्या निम्म्या माना नकळत ठरावीक दोन-तीन बाकांकडं वळल्या आणि लगेच, चोरी पकडल्यासारख्या, परत फिरल्या. मी ते बघितलं. प्रज्ञानं मला ते बघताना बघितलं.

मी स्वतःच स्टुलावर चढलो. दुसरं काय करणार? ओंकार नावाचा एक गोलमटोल पोरगा होता, टाकव्याकडच्या बागायतदाराचा, वर्गाचा अधिकृत विदूषक. तो लिलाव पुकारायला लागला. "बोला, बोला! जुना माल हाय, पन आवाज मोटा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं, "एक वडापाव!" दुसरा म्हणाला, "अर्धा! लय बोलतंय ते, कामाला उपयोग न्हाई!" वर्ग लोटपोट. मीही. मग ओंकार आपल्या भूमिकेत शिरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दात दाखवा."

मी तोंड उघडलं.

काय झालं कुणास ठाऊक, पण हसू तिथंच थांबलं. पत्र्यावर पाऊस, आणि स्टुलावर तोंड उघडून उभा असलेला पन्नाशीचा मास्तर. ओंकार दोन पावलं मागं सरला. "उतरा सर," तो म्हणाला. "बास झालं."

घरी आलो तो खुशीतच. याला म्हणतात शिकवणं! माझी खुशी पुढच्या तासिकेपर्यंत टिकली. त्या तासिकेत मी सांगितलं की मालक लोक पाहुण्यांना काय म्हणायचे: आमच्याकडं सगळे घरच्यासारखे आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, ऐका, कसे गात गात राबतात!

टोपण लागल्याचा आवाज आला.

"सर, गात होते म्हणजे सुखात होते का?"

"मुळीच नाही!" मी टाळी वाजवली. "उलट! दुःखाची गाणी होती ती. मालकाला ते कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याला हवं तेच तो ऐकत होता."

"बरं," प्रज्ञा म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग लिहिता लिहिताच, वर न बघता: "माझा दादा तुमच्या आवणीला आला होता. तो म्हणाला, सरांच्या शेतात गेलं की तोंडी परीक्षेला प्रश्न सोपे येतात."

इतिहासाच्या तोंडी परीक्षेचे गुण माझ्या हातात असतात. ते तसे असतात, एवढंच. मी कधी कुणाला कमी दिले नाहीत. शपथेवर सांगतो. पण शपथ घ्यायची वेळ येते तिथंच माणूस निम्मा हरलेला असतो. मी वर्गाकडं बघितलं. चाळीस चेहरे अतिशय हिरवे, अतिशय निष्पाप.

त्या दिवसापासून मी गुप्तहेर झालो. दिसेल त्या जुन्या विद्यार्थ्याला अडवायला लागलो. कामशेतच्या बाजारात एक जण टेम्पोत खताच्या गोण्या भरताना सापडला. दहा वर्षांपूर्वीची बॅच. गाण्यात पुढं असायचा.

"काय रे, तू माझ्या आवणीला का यायचास?"

त्यानं गोणी खाली ठेवली. "काय झालं सर? काय चौकशी लागलीय का तुमच्यावर?"

"नाही रे. मला नुसतं कळायला हवंय. खरं बोल."

"मटनासाटी," तो लगेच म्हणाला. मी सुस्कारा सोडला. मटण चालेल. मटण म्हणजे स्वेच्छा. पण तो डोकं खाजवत उभाच होता. "आन् मजा बी यायची. खोटं कशाला बोलू? पन सर, न्हाई आलो तर चालंल का, हे कदी डोक्यातच न्हाई आलं. फळ्यावर लिवलेलं असायचं ना."

घरी शैलाला सांगितलं. ती कांदा चिरत होती. "एवढी वर्षं मी मटण शिजवतेय," ती म्हणाली, "मला तरी कुणी विचारलं होतं?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो. संशयाला एकदा घरात घेतलं की तो कुठल्या खोलीत जाऊन बसेल सांगता येत नाही.

सातवी तासिका मी कशीबशी उरकली. अमेरिकेतले गुलाम कायद्यानं मुक्त झाले. मुक्त झाल्यावर पुढं काय झालं, त्यांना कुणी शेजारी बसू दिलं का, वगैरे प्रज्ञा विचारणार हे मला दिसत होतं आणि मी घंटेकडं कान लावून बसलो होतो. पण तिनं काही विचारलं नाही. तास संपल्यावर टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "सर, गुरुवारी मी येणार नाही. आमच्याकडं आवणी आहे."

"किती माणसं आहेत?"

"आई, मी, आत्या. आबा आहेत, पण त्यांची कंबर धरते. दादा कंपनीत जातो."

आणि माझ्या तोंडून, कुठलीही तालीम न करता, निघून गेलं: "मी येऊ? सावडीनं?"

प्रज्ञानं मला नखशिखांत बघितलं. मुख्याध्यापिका बाईंची नजर एवढ्याशा चेहऱ्यावर! "आबांना विचारते," ती म्हणाली. दारापर्यंत जाऊन परत आली. "आलात तर फोटो काढायचा नाही, सर. ग्रुपवर टाकायचा नाही."

मी दुखावल्यासारखा चेहरा केला. खरं सांगायचं तर मनातल्या मनात फोटोखालचा मजकूरसुद्धा तयार होता.

गुरुवारी रजा टाकून गेलो. किसन आबा बांधावर प्लास्टिकची खोळ पांघरून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, हाडं तेवढी उरलेली, पण डोळे असे की समोरच्यानं शर्टाची बटणं तपासावीत.

"या, मास्तर. इलेक्शनला हुबं ऱ्हाताय का?"

"नाही हो, आबा."

"मग जमिनीचं काय हाय? रस्ता जानारे का हितनं?"

"आबा, मी आवणीला आलोय."

"ते दिसतंय. पन कशापायी?"

तेव्हा मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात गेलो. पहिल्या तासात कंबर कुठं आहे ते कळलं. दुसऱ्या तासात ती कुणा दुसऱ्याची असावी असं वाटायला लागलं. प्रज्ञाची आई आणि आत्या माझ्या दोन्ही बाजूंनी भराभर पुढं जायच्या, आणि मी मधे, एकटा, दात नसलेल्या कंगव्यासारखा. कुणी गात नव्हतं. मला विचारायचं होतं, तुम्ही गात का नाही? पण अलीकडं गाण्यांबद्दल विचारायची मला भीती वाटायला लागली होती.

दुपार झाली. जेवण आलं होतं, दुरडी मला दिसत होती. एक वाजला. दीड झाला. कुणीही जेवायचं नाव काढेना. आबा दुरडीजवळ बसून धुक्याकडं बघत होते. मी मनात हिशोब मांडला: माणूस रागावलेला आहे. मला जेवायला घालायचं नाही त्याच्या मनात, आणि मी निघून जाण्याची तो वाट बघतोय. ठीक आहे. आपल्या घराण्यानं या घराला काय कमी भोगायला लावलंय? सहन करावं. दोन वाजले. पोटात खड्डा पडला, डोळ्यांपुढं भाकऱ्या तरंगायला लागल्या. शेवटी प्रज्ञा चिखलातून ताडताड बाहेर आली, ओढ्यात हात धुतले, आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"आबा, सरांना जेवायला का बोलवत नाही?"

आबा धुक्याशीच बोलले. "न्हाई म्हनले तर? दिस नासतो."

"सर, तुम्ही का मागत नाही?"

"मला वाटलं... त्यांची इच्छा नसेल."

"दोघंपण येडे," प्रज्ञा म्हणाली, आणि दुरडीवरचं फडकं ओढलं. सुकट होती, भाकरी होती, मिरचीचा खर्डा होता. मी किती खाल्लं ते सांगत नाही. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. घास खरंच खाली जातोय का याची खात्री करून घेत असावेत. चौथ्या भाकरीला त्यांची खात्री पटली.

मग ते बोलले. माझ्याशी कमी, पावसाशी जास्त. "तुमची वढ्याकडची दोन खाचरं हायेत ना, तितं माजा बाप पयला दिस फुकट राबायचा. तुमच्या आज्याच्या टायमाला. मग गावाच्या बाकीच्यांची. आमचं शेवटाला. मी लहान व्हतो, त्याची भाकर घिऊन जायचो, बांधावर हुबा ऱ्हायचो. छप्पन सालानंतर बापानं सांगितलं, आता न्हाई."

"गाव काय म्हणालं?"

"कायबी न्हाई. कोन मारलं न्हाई, शिवी न्हाई. बोलवनंच बंद केलं. सावडीला म्हनून आमच्या दाराशी कोन यीना. आमी बोलवाय गेलो तर लोक घरात नसायचे." त्यांनी खोळ सारखी केली. "आमी तीन घरं, आमचं आमी करायचो. मानसं पुरायची न्हाईत. शेवटच्या खाचराला तरवा म्हातारा झालेला असायचा."

सात तासिका घेऊन मला जे सांगता आलं नव्हतं ते या माणसानं सुकट खाता खाता सांगितलं. मी संध्याकाळी घरी आलो तो अर्धा वाकलेला आणि पूर्ण पेटलेला. ठरवून टाकलं. बास! आता कुणावर सक्ती नाही, सक्तीची सावलीसुद्धा नाही. शुक्रवारी वर्गात गेलो, फळ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "या वर्षी रविवारी माझ्याकडं यायचं नाही. मी फळ्यावर लिहिणार नाही. कुणाला बोलावणार नाही. तुम्ही स्वतंत्र आहात!" शेवटच्या वाक्याला हात आपोआप वर गेला.

"मटन बी न्हाई का, सर?" ओंकारनं विचारलं. त्याचा आवाज खरोखर दुःखी होता.

प्रज्ञाच्या घरीही गेलो नाही. मनात म्हटलं, मी एक दिवस दिला, आता दारात गेलो तर परतफेड मागितल्यासारखं होईल. ओझं कशाला टाका? त्यांना वाटलं तर येतील. न यायचं स्वातंत्र्य त्यांना मी दिलंय. मी! केवढा मोठा माणूस!

रविवारी सकाळी बांधावर मी, शैला आणि पाऊस. पलीकडच्या शेतातले लोक मटणाचा वास न आल्यानं काळजीत पडले. नऊ वाजता ओंकार आला, एकटाच, सायकलवर, चौकशीला. तिघांनी मिळून संध्याकाळपर्यंत जेवढं लावलं तेवढ्यात दोन म्हशी आडव्या पडल्या असत्या तर जागा पुरली नसती. तरवा तेविसाव्या दिवसाला होता. मी एक रोप उपटून मुळाजवळ दाबून बघितलं. अजून मऊ होतं. शैला म्हणाली, "तुमचं तत्त्व राहिलं. वर्षाचा तांदूळ कुठून आणायचा ते सांगा." मजूर शोधले, पण आवणीच्या भरात मजूर मिळणं म्हणजे रविवारी लोणावळ्यात मोकळा रस्ता मिळणं. आणि त्या सगळ्या काळजीच्या तळाशी एक विचार वळवळत होता, तो सांगायला लाज वाटते: मी त्यांच्याकडं दिवसभर राबलो, त्यांच्यातलं एकसुद्धा माणूस आलं नाही. घेतला दिवस आणि बसले.

सोमवारी प्रज्ञा वर्गात होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. टोपण सारखं लावत होती, काढत होती, आणि प्रश्न एकही नाही. मंगळवारी तेच. बुधवारी ओंकारनं मला जिन्याखाली गाठलं.

"सर, ती लय चिडलीय तुमच्यावर. तिचा म्हातारा आजा शुक्रवारपास्नं तयारी करून बसलता. रविवारी कपडे घालून दुपारपत्तुर दारात."

"मग आले का नाहीत?"

ओंकारनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी एरवी त्याच्या उत्तरपत्रिकेकडं बघतो. "बोलवल्याबिगर सावडीला कोन येतं का, सर? तुमीच म्हनला ना वर्गात, कुनाला बोलवनार न्हाई."

पन्नास वर्षं मावळात काढली. सावडीला दारात जाऊन बोलवायचं असतं हे मला माहीत नव्हतं? शेंबड्या पोराला माहीत असतं. पण माझ्या डोक्यात अमेरिका होती, स्वातंत्र्य होतं, माझा उंचावलेला हात होता. आज्यानं त्या घराला फुकट राबवलं, गावानं त्या घराला बोलवणं बंद केलं, आणि मी, सात तासिकांचा धनी, त्यांच्या शेतात जेवून आलो आणि तेच पुन्हा केलं. चांगल्या मनानं. चांगल्या मनाचा मला तेव्हापासून फार संशय येतो.

शाळा सुटल्यावर सरळ आबांच्या दारात. प्रज्ञा पडवीत अभ्यास करत होती. तिनं मान वर केली नाही.

"आबा," मी म्हटलं, "रविवारी आमच्याकडं आवणी आहे. या."

आबांनी मला पावसात उभं ठेवून आधी चौकशी केली.

"किती मानसं?"

"तुम्ही. मी, शैला. ओंकारच्या घरी जातोय, त्याच्या वडलांना बोलवायला. आणखी चार दारं फिरणार आहे."

"त्यांच्याकडं दिस कोन देनार?"

"मी. रजा टाकतो."

"तरवा किती दिसाचा?"

"रविवारी तीस."

"म्हातारा झाला की!" त्यांनी तोंड वाकडं केलं. "जेवाय काय?"

"मटण."

आबांनी प्रज्ञाकडं बघितलं. ती वहीत बघत होती. "आन् ही न्हाई आली तर? तुमची इद्यार्थिनी हाय. तोंडी परीक्षा हाय म्हनं."

"तोंडी झाली, आबा. गुण कालच बाईंकडं दिले. तिचे आणि सगळ्यांचे. आता कमी-जास्त करायचं माझ्या हातात नाही."

टोपण लागलं. "मला किती दिले?"

"बाईंना विचार."

आबा म्हणाले, "बगू."

तीन दिवस मी त्या एका शब्दावर काढले. सांगतो, "हो" पेक्षा आणि "नाही" पेक्षा अवघड शब्द आहे. माझ्या फळ्यावरच्या ओळीला वीस वर्षांत कुणी "बगू" म्हटलं नव्हतं. त्या तीन दिवसांत मी सहा दारं फिरलो. दोन ठिकाणी लोक घरात नव्हते. त्यातल्या एके ठिकाणी आतून दूरदर्शनचा आवाज येत असतानाही नव्हते. ओंकारच्या वडलांनी विचारलं, "किसन आबाचं घर बी येनार हाय का?" मी म्हटलं, येणार असेल तर माझं भाग्य. ते म्हणाले, "विचारतोय आपलं." कशाला विचारत होते ते मला समजलं नाही, किंवा समजलं. रोज संध्याकाळी शेतावर जाऊन मी एक रोप दाबून बघत होतो. शनिवारी ते बोटांत जरा कडक लागलं.

रविवारी साडेसहाला पोचलो तर रस्त्याच्या कडेला खोळी पांघरलेली माणसं उभी होती. ओंकार आणि त्याचे वडील एका बाजूला. दहा हातांवर आबा, प्रज्ञा, तिची आई, आत्या. आणखी तीन घरांतली माणसं मधे कुठंतरी, कुणाच्या जवळ उभं राहावं हे न ठरलेली. कुणी बांधावर पाऊल टाकलं नव्हतं. मला अतिशय भरून आलं आणि, सवयीनं, चार शब्द बोलावेसे वाटले. छत्री डाव्या हातात घेतली, घसा साफ केला.

"मास्तर," आबा म्हणाले, "मालक कोन हितला?"

"मी."

"मग आदी तुमी उतरा."

सगळे माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. हा उतरतो का ते बघत होते. मी छत्री शैलाच्या हातात दिली, चपला काढल्या आणि खाचरात उतरलो. गार पाणी पोटरीपर्यंत चढलं. मूठ सोडली, पहिली चार रोपं टोचली. मग मागं, बांधावरून, एकेक पाय चिखलात पडल्याचा आवाज यायला लागला, आणि आबांचा:

"वळ वाकडी चाललीय, मास्तर. उपटा ती. पुन्यांदा लावा."